कॉलेजातला गार्ड जोखायचा कसा? (निमित्त : ब्रन्सन ३३वा का गेला)

शेवंती :
आमच्या घरी एक दोनशेपानी वही आहे. दर मार्चला कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली की मी आणि माझा मुलगा त्यात एनबीए ड्राफ्टसाठी (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू एकेक करून निवडतात, तो ड्राफ्ट) आपापली यादी लिहितो आणि जूनमध्ये ड्राफ्टच्या रात्री वही उघडून ताडून बघतो. २०१८ साली तो नऊ वर्षांचा होता. व्हिलानोव्हा विद्यापीठाचा गार्ड (चेंडू हाताळून खेळ रचणारा) जेलन ब्रन्सन याला त्याने पहिलं टाकलं होतं. का, विचारलं तर म्हणाला, "तो माझ्यासारखा डावखुरा आहे आणि तो घाबरत नाही." माझ्या यादीत ब्रन्सन पंचविसावा होता. उंची सहा फूट दोन इंच, वय बाविशीला टेकलेलं, उडी बेताची.

प्रत्यक्षात तो ३३वा गेला, डॅलसकडे. तीन वर्षांत दोन राष्ट्रीय विजेतेपदं, त्या वर्षीचे नेस्मिथ आणि वुडन हे दोन्ही सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार, सामन्यामागे १८.९ गुण. तरी ३२ वेळा कुणीतरी दुसरंच नाव घेतलं. आज तो न्यूयॉर्क निक्सचा कर्णधार आहे आणि २०२५ मध्ये त्याने संघाला २५ वर्षांनी कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) अंतिम फेरीत नेलं.

मुलगा आता सोळाचा आहे, शाळेच्या संघात गार्ड खेळतो. त्याचं म्हणणं, वहीतले आपले रकानेच चुकलेत. उंची, वय, गुण, असिस्ट (ज्यावर सहकारी गुण काढतो तो पास) आणि थ्रीची (तीन गुणांच्या लांबच्या फेकीची) टक्केवारी, असे पाच आहेत. त्याला त्यातले तीन खोडायचे आहेत, मला एकही नाही. म्हणून विचारते : कॉलेजातला गार्ड पुढे व्यावसायिक संघात टिकेल की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?

डावखुरा :
रुमाल टाकून ठेवतो. मत आधीच सांगतो : मुलगा बरोबर आहे. कारण माझ्या नावात बघा.

फिलीकर :
या विषयावर मी रात्रभर बोलू शकतो, तेव्हा लांबीबद्दल आधीच माफी.

२०१७-१८ च्या मोसमात व्हिलानोव्हाचं स्वतःचं मैदान दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून त्यांचे बरेचसे घरचे सामने फिलाडेल्फियाच्या मोठ्या वेल्स फार्गो सेंटरमध्ये झाले. मी तिथे चार सामने बघितले. वरच्या मजल्यावरून बघताना एक गोष्ट कळते जी टीव्हीवर कळत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, वरून मात्र दहाही जण दिसतात. ब्रन्सन चेंडू घेऊन आत शिरायचा आणि रिंगपासून आठ-दहा फुटांवर दोन्ही पाय एकदम टेकवून थांबायचा. प्रशिक्षक जे राइट यांच्या व्हिलानोव्हात ही घोटून घेतलेली सवय होती, एका पायावर उडायचं नाही, दोन पायांवर थांबायचं. थांबला की त्याच्या हातात पिव्हट (एक पाय रोवून वळणं) असायचा. बचाव करणारा हवेत गेलेला असायचा आणि हा अजून जमिनीवर. मग एकदा डावीकडे वळ, एकदा उजवीकडे, खांद्याने हूल दे, आणि शांतपणे टाक. समोर बुटका गार्ड आला तर हा त्याला पाठीवर घेऊन पोस्टमध्ये (रिंगजवळ) बसायचा, एखाद्या उंच सेंटरसारखा.

त्या वेळी सगळे म्हणायचे, कॉलेजात चालतंय, तिकडे उंच आणि चपळ माणसं असतात, तिकडे चालणार नाही. आज निक्सचा कुठलाही सामना लावा. तेच दोन पाय, तोच पिव्हट. फरक एवढाच की फसणारे आता जगातले सर्वोत्तम बचावपटू आहेत.

अवांतर : त्याच ड्राफ्टमध्ये आमच्या फिलाडेल्फिया सिक्सर्सनी दहाव्या क्रमांकावर व्हिलानोव्हाच्याच मिकाल ब्रिजेसला घेतलं. त्याची आई सिक्सर्सच्याच कचेरीत नोकरीला. घरचाच मुलगा घरी आला, म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या आणि त्याच रात्री त्याला फीनिक्सला देऊन टाकलं. ते दुखणं अजून गेलेलं नाही.

ओवी :
फिलीकर, दंडवत. पण हे सगळं तुम्हाला आज माहीत असल्यामुळे त्या वेळचं दिसतंय असं नाही ना? दोन पायांवर थांबणारे गार्ड व्हिलानोव्हात बरेच होऊन गेले. सगळे ब्रन्सन झाले नाहीत.

फिलीकर :
रास्त प्रश्न आहे. उत्तर जरा विचार करून देतो.

गणिती_काका :
शेवंतीताई, एकही रकाना खोडू नका. वयाचा तर मुळीच नाही.

आधी हे बघा की कॉलेजचा खेळ आणि एनबीए हे दोन वेगळे खेळ आहेत. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, तिकडे ४८. कॉलेजात एका चढाईला ३० सेकंद मिळतात, तिकडे २४. २०१८ मध्ये कॉलेजची थ्रीची रेषा २० फूट ९ इंचांवर होती (२०१९-२० पासून ती २२ फूट पावणेदोन इंचांवर नेली), एनबीएची समोरून २३ फूट ९ इंच. रिंगखालचा रंगवलेला पट्टा कॉलेजात १२ फूट रुंद, तिकडे १६. शिवाय एनबीएत बचाव करणाऱ्याला, जवळ प्रतिस्पर्धी नसेल तर, त्या पट्ट्यात तीन सेकंदांच्या वर उभं राहता येत नाही. कॉलेजात हा नियमच नाही, उंच माणूस खुशाल रिंगखाली ठाण मांडून उभा राहतो. म्हणून कॉलेजात गार्डला आत शिरायला जागा कमी आणि बाहेरून टाकायला अंतरही कमी. तिथली टक्केवारी जशीच्या तशी पुढे नेता येत नाही.

आता वय. १९ वर्षांचा मुलगा २२ वर्षांच्या मुलांविरुद्ध १४ गुण काढतो आणि २२ वर्षांचा तेच १९ वर्षांच्या मुलांविरुद्ध १९ काढतो. जास्त चांगला कोण? त्याच २०१८ च्या ड्राफ्टमध्ये केंटकीचा शे गिल्जस-अलेक्झांडर होता. १४.४ गुण, ५.१ असिस्ट, मोसमाच्या सुरुवातीला तर पहिल्या पाचात जागाही नव्हती. पण वय १९, उंची सहा फूट सहा इंच आणि हात त्याहून लांब. तो अकरावा गेला. २०२५ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ओक्लाहोमा सिटीला विजेतेपद मिळवून दिलं. वय आणि लांबी बघणाऱ्यांचा नियम बरोबरच होता. उलट त्यांनी तो पुरेसा पाळला नाही, म्हणून शे अकरापर्यंत खाली आला.

डावखुरा :
काका, म्हणजे एकाच रात्री नियम शेच्या बाबतीत खरा ठरला आणि ब्रन्सनच्या बाबतीत खोटा. मग त्याला नियम कसं म्हणायचं?

गणिती_काका :
पावसाळ्यात छत्री घेऊन निघावं हाही नियमच आहे, एखादा दिवस कोरडा गेला म्हणून छत्री कुणी फेकत नाही.

मुळामुठा :
छत्रीवरून आठवलं, पुण्यात

मुळामुठा :
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). अर्धवट गेला होता. सविस्तर लिहितो.

ओवी :
मला वाटतं, गुणांचा रकाना सगळ्यात फसवा आहे. जिमर फ्रेडेटचं उदाहरण घ्या. ब्रिगम यंग विद्यापीठात २०१०-११ मध्ये सामन्यामागे २८.९ गुण, देशात पहिला. मैदानाच्या मध्यावरून टाकायचा आणि जायचा. २०११ च्या ड्राफ्टमध्ये दहावा गेला. एनबीएत मात्र जम बसला नाही. त्याच्या लगेच नंतर, अकराव्या क्रमांकावर, क्ले थॉम्पसन. आणि शेवटच्या, म्हणजे साठाव्या क्रमांकावर कोण, तर आयझेया थॉमस, पाच फूट नऊ इंच, जो पुढे दोनदा ऑलस्टार (लीगच्या निवडक सर्वोत्तमांपैकी) झाला.

फ्रेडेटचं काय अडलं? कॉलेजात चेंडू कायम त्याच्याच हातात. पुढे गेल्यावर चेंडू दुसऱ्याच्या हातात आणि याला कोपऱ्यात उभं राहून वाट बघायची. शिवाय बचावात समोरचा गार्ड त्याला शोधून शोधून त्याच्यावर चाल करायचा. मी तर म्हणेन सहावा रकाना काढा : चेंडू हातात नसताना हा काय करतो?

त्याच्याबद्दल एक चांगली गोष्टही लिहायला हवी. तो नंतर चीनमध्ये शांघायकडून भरपूर खेळला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेच्या ३x३ (प्रत्येकी तीन खेळाडूंच्या) बास्केटबॉल संघात होता.

सरकारी_सुट्टी :
ट्रे यंगबद्दल कुणीच का लिहिलं नाही? ओक्लाहोमाकडून २०१७-१८ मध्ये २७.४ गुण आणि ८.७ असिस्ट. एकाच मोसमात दोन्हींत देशात पहिला येणारा तो पहिलाच. पण सामन्यामागे पाचाच्या वर टर्नओव्हर (चेंडू गमावणं) होते आणि संघ १८ विजय, १४ पराभव यावर संपला. त्याच वर्षी ब्रन्सन ४.६ असिस्टमागे दोनहून कमी टर्नओव्हर करत होता. तरी यंग पाचवा आणि ब्रन्सन ३३वा. यंग वाईट निघाला असं नाही, चांगलाच निघाला. पण टर्नओव्हरचा रकाना तुमच्या वहीत का नाही?

शेवंती :
खरंच नाही. हे लिहून घेतलं.

सिरॅक्यूजचा_माजी :
मी २००९ साली सिरॅक्यूजला शिकत होतो. मार्चची ती रात्र विसरणं शक्य नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कनेक्टिकटविरुद्ध सामना, आम्ही सात जण एका खोलीत टीव्हीसमोर. एक जादा डाव, दोन, तीन, असं करत सहा जादा डाव झाले. सामना संपला तेव्हा रात्रीचा सव्वा वाजून गेला होता. १२७-११७ ने जिंकलो. आमचा गार्ड जॉनी फ्लिन ६७ मिनिटं खेळला, ३४ गुण काढले. त्या रात्री कुणी मला विचारलं असतं की हा मुलगा एनबीएत चमकेल का, तर मी शपथेवर हो म्हणालो असतो.

मिनेसोटाने त्या वर्षी पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर लागोपाठ दोन पॉइंट गार्ड घेतले, रिकी रुबिओ आणि फ्लिन. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने डेव्हिडसनच्या स्टेफ करीला घेतलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. फ्लिनचं मात्र कमरेच्या दुखापतीने सगळं थांबलं. त्याची पारख चुकली, असं लोक आज सहज म्हणतात. मला ते पटत नाही. शस्त्रक्रियेआधी त्याच्या पायांत जो झपाटा होता तो मी बघितलाय. कुठल्या रकान्यात लिहिणार हे?

फिलीकर :
फ्लिनबद्दल वाचून वाईट वाटलं. तो सामना मीही बघितला होता.

करीचा मुद्दाही आपल्या प्रश्नाशी जुळतो. व्हर्जिनिया टेकमध्ये वडील खेळलेले, तरी त्या विद्यापीठाने याला शिष्यवृत्ती दिली नाही, म्हणून तो छोट्या डेव्हिडसनला गेला. २००८ च्या स्पर्धेत गोंझागाविरुद्ध ४०, जॉर्जटाउनविरुद्ध ३०, विस्कॉन्सिनविरुद्ध ३३. कॅन्ससकडून ५७-५९ असे दोनच गुणांनी हरले. पुढच्या मोसमात २८.६ गुणांसह देशात पहिला. आता बघा, फ्रेडेटचे २८.९ आणि करीचे २८.६. गुणांचा रकाना दोघांना एकाच पाटावर बसवतो. पण करी चेंडू नसतानाही सतत पळत असायचा, पडद्यामागून पडदा (सहकाऱ्याने बचाववाल्याच्या वाटेत उभं राहून केलेली आड), आणि त्याला अडवायला दोन-दोन माणसं लागायची. ओवी यांचा सहावा रकाना इथे दोघांना वेगळं करतो.

शिवाजीपार्क :
बास्केटबॉल मला फारसा कळत नाही, पण धागा आवडला. हे वाचताना मला अमोल मुजुमदार आठवतोय. मुंबईकडून रणजीच्या पदार्पणात हरयाणाविरुद्ध २६० धावा, कारकिर्दीत प्रथम श्रेणीच्या ११ हजारांवर धावा, आणि भारताकडून एकही कसोटी नाही. खालच्या पातळीवर सिद्ध झालेल्या माणसाला वर संधीच मिळाली नाही. ब्रन्सनला निदान संधी मिळाली.

गणिती_काका :
मुजुमदारांबद्दलची हळहळ माझीही तेवढीच आहे. पण तुलना नीट बसत नाही. त्यांच्या वेळी मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. जागाच नव्हती. ड्राफ्टमध्ये दर वर्षी ६० च्या आसपास नावं घेतली जातात. तिथे पारखणारा चुकतो, इथे दारच बंद होतं.

शिवाजीपार्क :
हे पटलं. पण दार उघडलं असतं तर काय झालं असतं, हे मनातून जात नाही.

वऱ्हाडी_शिट्टी :
मी नागपुरात गेली १९ वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवतो. एनबीएचं ज्ञान तुमच्याएवढं नाही, पण गार्ड निवडण्याचं काम दर वर्षी करतो, म्हणून लिहितो.

एक चूक माझ्या हातून झाली आहे. काही वर्षांमागं संघात एक जागा होती आणि पोट्टे दोन होते. एक चांगला उंच, पळायला हरणासारखा. दुसरा त्याच्या खांद्याएवढा, पण मैदानावर सगळ्यांना जागा सांगायचा. "तू तिकडे हो, तू पडदा लाव." चाचणीत त्यानं गुण काढले फक्त चार. मी उंचाला घेतलं. स्पर्धेत तिसऱ्याच सामन्यात समोरच्यांनी पूर्ण मैदानभर दाब टाकला आणि आमचा उंच पोरगा बावरला, चेंडू कुणाला द्यायचा हेच कळेना. सात मिनिटांत सामना गेला. मला बाकावर बसून तो दुसरा आठवत होता. घरी आल्यावर त्याच्या वडिलांना भेटून चुकलो म्हणालो. तोवर पोरानं खेळ सोडून कोचिंग क्लास लावला होता.

तेव्हापासून मी चाचणीत एक गोष्ट मुद्दाम करतो. गार्डची आवडती बाजू बंद करायला लावतो. उजवा असेल तर बचाववाल्याला सांगतो, त्याच्या उजवीकडे उभाच राहा. मग घड्याळ लावून दहा मिनिटं बघत बसतो. काही पोरं तिथंच पुन्हा पुन्हा धडकतात. काही चिडतात. आणि एखादा असा असतो की दोनदा धडकतो, तिसऱ्यांदा थांबतो, बघतो आणि वेगळा रस्ता काढतो. तो मला पाहिजे असतो, मग उंची काही का असेना.

डावखुरा :
शिट्टीसर, हा प्रतिसाद मी माझ्या पुतण्याच्या प्रशिक्षकांना पाठवतोय. चालेल ना?

वऱ्हाडी_शिट्टी :
चालेल न बाप्पा, पाठवा.

फिलीकर :
ओवी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शिट्टीसरांनी दिलं. दोन पायांवर थांबणारे पुष्कळ होते, खरं आहे. पण थांबल्यावर बघणारा ब्रन्सन होता. तो थांबायचा तेव्हा समोरचा काय करतो हे बघूनच पुढची हालचाल ठरायची. २०१८ च्या अंतिम सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याचे फक्त नऊ गुण होते. राखीव म्हणून आलेल्या डॉन्टे डिव्हिन्चेन्झोने ३१ काढले आणि आम्ही ७९-६२ ने जिंकलो. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू अंतिम सामन्यात नऊ गुणांवर आणि चेहऱ्यावर जरासुद्धा तक्रार नाही. आज त्याची रात्र आहे, त्याला चेंडू द्या. मी तेव्हा हे बघितलं होतं, पण ड्राफ्टच्या यादीत त्याला किती गुण द्यायचे ते मला कळलं नव्हतं. माझ्याही यादीत तो विसाच्या खालीच होता.

मुळामुठा :
आता सविस्तर. सगळे खेळाडूकडे बघताय, मी संघाकडून बघतो.

ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्याने मिळतो, पहिल्या दोन वर्षांची हमी असते. दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही. म्हणून पहिल्या फेरीत संघ "हा आज काय आहे" यापेक्षा "हा चार वर्षांनी काय होईल" यावर पैज लावतात. १९ वर्षांच्या पोरात स्वप्न जास्त मावतं. २२ वर्षांच्या, तीन वर्षांत पदवीही पूर्ण केलेल्या मुलाबद्दल समजूत अशी की हा जेवढा वाढायचा तेवढा वाढलाय. चूक तिथे झाली. शरीर वाढायचं थांबलं होतं, खेळ थांबला नव्हता. डॅलसला पहिल्या वर्षी सामन्यामागे ९ च्या आसपास गुण, चौथ्या वर्षी १६. २०२२ च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) डॅलसचा मुख्य खेळाडू लुका डॉन्चिच जखमी असताना युटाविरुद्ध दुसऱ्या सामन्यात ४१. मग न्यूयॉर्कने चार वर्षांसाठी दहा कोटी डॉलरच्या वर देऊन नेला आणि २०२३-२४ मध्ये २८.७.

आणि एक. डॉन्चिचच्या सावलीतली ती चार वर्षं त्याला फळली असं माझं मत आहे. पहिल्याच दिवशी सगळा भार टाकणाऱ्या संघात तो पडला असता, तर कदाचित आपण हा धागा वेगळ्या नावाने वाचत असतो. कुठला संघ घेतो याचाही रकाना हवा.

सरकारी_सुट्टी :
फ्रेड व्हॅनव्हलीटही याच वाटेने आला. विचिटा स्टेटमध्ये चार वर्षं, २०१६ ला साठांतही नाव नाही. तीन वर्षांनी टोरांटोकडून विजेता. तोही बुटका, तोही थांबून बघणारा.

गणिती_काका :
व्हॅनव्हलीट आणि ब्रन्सन आठवतात, कारण ते दुर्मीळ आहेत. २२ वर्षांचे, सहा फूट दोन इंचांचे जे बाकीचे गार्ड नाव न घेतले गेल्याने युरोपात नाहीतर नोकरीला गेले, त्यांच्यावर धागे निघत नाहीत. माझं मत कायम आहे. मात्र शिट्टीसरांची दहा मिनिटांची चाचणी मी वयाच्या रकान्याशेजारी लिहायला तयार आहे. शेजारी, वयाच्या जागी नाही.

ओवी :
काका एक पाऊल पुढे आले. तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

शेवंती :
सगळे प्रतिसाद काल रात्री जेवताना मुलाला वाचून दाखवले. वऱ्हाडी_शिट्टी यांचा दोनदा वाचायला लावला. मुजुमदारांची गोष्ट त्याला माहीत नव्हती, त्यावर तो बराच वेळ गप्प होता.

असं ठरलं. वय आणि उंची राहणार, काकांच्या शब्दाखातर. गुणांचा रकाना खोडला, त्या जागी असिस्ट आणि टर्नओव्हर शेजारीशेजारी. थ्रीच्या टक्केवारीबरोबर फ्री थ्रोचीही, कारण फ्री थ्रोची रेषा कॉलेजात आणि एनबीएत सारखीच १५ फुटांवर असते, तिथला हात तरी तोच राहतो, हे त्याचं म्हणणं. ओवी यांचा "चेंडू हातात नसताना" हा रकाना घेतला. आणि शेवटचा रकाना, "आवडती बाजू बंद झाल्यावर". त्यात आकडा नाही, वाक्य लिहायचं, आणि किमान दोन पूर्ण सामने बघितल्याशिवाय लिहायचं नाही.

फ्लिनच्या झपाट्यासाठी काय करायचं ते ठरलं नाही. शेवटचं पान कोरं ठेवलंय.

वऱ्हाडी_शिट्टी :
वा! ताई, एक विचारू का? तुमचा मुलगा आत शिरल्यावर थांबतो कसा? एका पायावर की दोन?

शेवंती :
आत्ताच बाहेर जाऊन बघितलं. ड्राइव्हवेवर टाकतोय. एका पायावर, डाव्या. फिलीकरांचा प्रतिसाद हातात देऊन आलेय.

वऱ्हाडी_शिट्टी :
आधी चालत चालत करायला सांगा. पळत नंतर. एका दिवशी पन्नासच्या वर नको, गुडघे दुखतात.